आईचं एकोण

३ मार्च

ताई,

फोनवर बोलले तर माझा आवाज चढेल, तू "बारके, हळू" म्हणशील आणि मग तो आणखी चढेल. म्हणून लिहितेय.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. टाचणीचा तुझ्याबरोबरचा सकाळचा तास आजपासून बंद. आणि मे महिन्यात तू इकडे येणार होतीस, ते या वर्षी नको. तिकीट रद्द करायला मी बोगद्याला सांगितलंय. माझ्या नवऱ्याला हे नाव तूच ठेवलंस. तो बोगदे खणतो म्हणून नाही, तर त्याच्यात प्रश्न शिरला की उत्तर पलीकडून कधी निघेल ते सांगता येत नाही म्हणून. या बाबतीतही अजून निघालेलं नाही.

कारणं विचारशीलच. तुझी दुपार ती आमची पहाट. टाचणी नऊ वर्षांची पोर, झोपेतून उठून स्क्रीनसमोर बसते. डोळे चोळत असते. शिवाय या दूरशाळेने आईवडिलांनी शिकवावं अशीच अपेक्षा ठेवली आहे, मावशीने नाही. धडे ते पाठवतात, परीक्षा ते घेतात, मधलं सगळं घरच्यांचं. घरचे म्हणजे आम्ही.

दूरशाळेत घाल म्हणून तूच मागे लागली होतीस, हे मी विसरले नाही. पहिल्या देशात स्थानिक शाळेत घातलं, तर पोरीने सहा महिने तोंड उघडलं नाही. दुसऱ्या देशात शाळा आवडायला लागली आणि नेमका बोगदा खणून संपला. आता हा तिसरा देश. डोंगरातली ही वसाहत, आणि सगळ्यात जवळची शाळा शहरात, गाडीने चार तास, तीही निवासी. तेव्हा "घरीच शिकवू, मी आहे ना" असं तू म्हणालीस. तुझे आभार मानतेच. पण 'मी आहे ना' म्हणणारी आता मी आहे.

टाचणी मजेत आहे. तिने तुझी आठवण काढली नाही.

बारकी

२० मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. तुझं कसलं, माझंच! लाल पेनाने तपासून परत पाठवलंस. सात ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ, दोन ठिकाणी अनुस्वार, आणि खाली शेरा: 'अक्षर सुधारले आहे. मजकूर पटला नाही.' तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासून तुझा हात असा झालाय की तुला प्रेमपत्र आलं असतं तरी तू समासात खुणा केल्या असत्यास. मला इतका राग आला की मी पत्र फाडायला घेतलं. मग बोगद्याला दाखवलं, तर तो हसत सुटला. एरवी वर्षातून एकदा हसतो. म्हणून राहिलं.

आमचं छान चाललंय. जेवणाच्या टेबलाची एक बाजू शाळा केली आहे. मागे भिंतीवर जगाचा नकाशा, खाली तिची पुस्तकं, उजव्या हाताला माझी जुनी टी-पट्टी. इतकी वर्षं इमारतींचे आराखडे काढले, मिलिमीटर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. एका पोरीला वजाबाकी शिकवणं मला काही जड नाही.

फक्त एक सांगायचं होतं. उत्तर देण्याआधी ती घसा खाकरते. अगदी तुझ्यासारखा, दोनदा. सर्दी नाही, काही नाही. मी एखादं वाक्य संपवलं की "हं, पुढे" म्हणते. मला! मी शिकवतेय आणि मलाच "हं, पुढे"! पेन्सिल कानावर अडकवते, चष्मा नसताना नाकावरचा चष्मा वर सरकवते. वर्षभर तू कॅमेरा नीट धरला नाहीस, निम्म्या वेळा नुसतं कपाळ आणि एक भुवई दिसायची. तरी तिने तुझं एवढं सगळं कुठून उचललं, तेच कळत नाही. मी दिवसभर तिच्यासमोर सबंध उभी असते. माझं तिने काय उचललं, ते मी शोधतेय.

काल वजाबाकी करताना म्हणाली, "हातचा शेजारच्या घरून मागून आणायचा." मी म्हटलं, "आपल्याकडे हातचा घेतात. मागून बिगून आणत नाहीत." तर माझ्याकडे बघून गप्प बसली आणि मी सांगितलं तसं केलं. उत्तर बरोबर आलं. पण ती गप्प बसली, ते मला आवडलं नाही.

तू वर्ग कसा घेतेस ते मी कधी पाहिलं नाही, असं तू त्या दिवशी म्हणालीस. पाहिलंय. रोज पाहिलंय. स्वयंपाकघराच्या दाराआड हातात फडकं घेऊन उभी राहायचे. आत तुम्ही दोघी आकड्यांवर खिदळायचात. आकड्यांवर कोण हसतं, ताई? मी आत आले की तिचं हसू थांबायचं. मुद्दाम नाही, मला माहीत आहे. गोष्ट सांगता सांगता मध्ये कोणी आलं तर थांबतो ना, तसंच. पण त्या घरात मध्ये येणारी मीच होते.

हे लिहायचं नव्हतं. खोडलं असतं, पण तू म्हणतेस खाडाखोड करू नये.

बारकी

५ एप्रिल

ताई,

पुन्हा लाल शाईत आलं. या वेळी फक्त तीन चुका. शेरा: 'प्रगती आहे. खरे कारण अजून लिहिलेले नाही.'

घे मग खरं कारण.

फेब्रुवारीतला तो शेवटचा आठवडा. तू तिला भागाकार शिकवत होतीस. मी चहा ठेवला होता. आतून ऐकलं, ती तुला हळूच म्हणाली, "मावशी, माझं पोट दुखतंय कालपासून." कालपासून! काल दिवसभर ती माझ्याजवळ होती. मी तिला जेवायला वाढलं, केस विंचरले, पांघरूण घातलं. मला काही बोलली नाही. आणि तुला, त्या एका भुवईला, सांगितलं. तू म्हणालीस, "आईला सांग." तुझ्या सांगण्यावरून मग ती माझ्याकडे आली आणि मला सांगितलं.

त्या दिवशी पोट तिचं दुखत होतं आणि पोटात माझ्या दुखलं.

हो, जळते मी तुझ्यावर. लाल पेनाने खाली रेघ मार हवी तर. लहानपणापासून जळते. तू मराठी शाळेत गेलीस आणि दर वर्षी पहिली आलीस. माझ्या वेळेपर्यंत बाबांच्या डोक्यात इंग्रजी शाळेचं वारं शिरलेलं. मला ती शाळा मिळाली म्हणून सगळे मला नशीबवान म्हणायचे. पण घरी रात्री तू आणि बाबा कोडी घालायचात, पाढे म्हणायचात, शब्दांच्या भेंड्या लावायचात, आणि मी मध्ये बसून कोणाचं तोंड आधी उघडतंय ते बघायचे. तेव्हाही मला तुमच्यात कोणी घेतलं नाही. आता माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या स्वतःच्या पोटची पोर घेऊन तू तोच खेळ मांडलास आणि मी पुन्हा बाहेर. अंगाचा तिळपापड होतो माझ्या.

असो. आता कान देऊन ऐक. मराठीत आकडेमोड काय ती फक्त तुलाच येते, असं नाही. मीही आता तिचं तोंडी गणित मराठीतून घेते. दूरशाळेत नाव घालताना परीक्षेची घरची भाषा म्हणून आपण मराठी लिहून बसलोय, तेही तुझ्याच सांगण्यावरून. कालच तिला विचारलं, "एकोणपन्नास वजा नऊ?" तिने क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पन्नास." फटकन! मी तिला जवळ घेतलं. तीही बिलगली. बघ, माझ्याकडेही येते ती.

बारकी

१६ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहितेय.

परीक्षा २ मेला आहे. कॅमेऱ्यासमोर. लेखी पेपर सोपा असतो, म्हणतात. तोंडी परीक्षेत प्रश्न घरच्या माणसाने घरच्या भाषेत वाचायचे, मुलाने उत्तर द्यायचं, आणि परीक्षक बाई पलीकडून ऐकणार. वाचणार मी. त्यांनी मराठी कळणाऱ्या बाई मुद्दाम शोधून दिल्या आहेत.

यात नापास झाली तर घरी शिकवण्याची परवानगी पुढच्या वर्षी मिळणार नाही. म्हणजे ती शहरातली निवासी शाळा. महिन्यातून एकदा घरी.

त्या शाळेचं माहितीपत्रक बोगद्याच्या कंपनीने आधीच पाठवून ठेवलंय. काल टाचणी ते उघडून बसली होती. मी म्हटलं, "काय बघतेस?" म्हणाली, "इथे रात्री मुलींना हाक कोण मारतं?" मी म्हटलं, "हाक कशाला?" म्हणाली, "दिवा घालवायला." आपल्याकडे मी तिला "टाचणी, दिवा!" म्हणून ओरडते, ते तिला म्हणायचं होतं. मी ते पत्रक कपाटावर टाकलंय, हात पोचणार नाही इतक्या वर.

भीती वाटते, ताई. पण तू फोन करू नकोस.

बारकी

३ मे

ताई,

हे पत्र टपालाने पाठवण्याइतका वेळ नाही. लिहून झालं की फोटो काढून पाठवते. फोनवर बोलू शकत नाही, कारण काल दुपारपासून मधूनच रडू येतंय आणि टाचणी सारखी पाणी आणून देतेय.

लेखी पेपर छान गेला. मग तोंडी परीक्षा. मी टेबलाच्या या बाजूला प्रश्नांचा कागद घेऊन, ती समोर, हात मांडीवर. पडद्यावर परीक्षक बाई. वयाने तुझ्याएवढ्या, आवाज मऊ, आणि चष्मा तुझ्यासारखा नाकाच्या टोकावर नाही, जागेवर. कागदावर आकडे, वाचायचे मराठीत. पहिले चार प्रश्न झाले. पाचव्याला मी वाचलं, "एकोणसत्तर वजा चौतीस." टाचणीने दोनदा घसा खाकरला आणि म्हणाली, "पंचेचाळीस." बाईंनी काहीतरी लिहिलं. आठव्याला मी वाचलं, "एकोणचाळीस अधिक दोन." ती म्हणाली, "एक्कावन्न." बाईंनी मान वर केली. अकराव्याला म्हणाल्या, "थांबा."

मी कागद खाली ठेवला.

बाई मला म्हणाल्या, "तुम्ही एकोणसत्तर म्हणालात. एकोणसत्तर म्हणजे एक उणे सत्तर, सत्तरला एक कमी. बरोबर?" मी हो म्हटलं. खरं सांगू? मला तेव्हाही कळलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "मग उत्तर पस्तीस यायला हवं. पण कागदावर आकडा ७९ आहे, आणि मुलीने ७९ धरून उत्तर दिलंय. तुम्ही जो आकडा उच्चारलाच नाहीत, तो तिला कसा कळला? तीनदा असं झालंय. तिने कागद आधी पाहिला होता का?"

ताई, त्या बाई माझ्या पोरीला चोर म्हणत होत्या, आणि तेही मऊ आवाजात. मी आकडा चुकीचा वाचला, हेच अजून डोक्यात शिरत नव्हतं. चाळीस, पन्नास, साठ मला येतात. सत्तावन्न, अठ्ठावन्न येतात. पण ज्यात सत्तर ऐकू येतं ते सत्तरीतलं, असंच मी जन्मभर धरून चालले. कामाच्या ठिकाणी सगळं इंग्रजीत, तिथे कधी गरजच पडली नाही.

तेव्हा टाचणी खुर्चीवरून उठली. म्हणाली, "कागद नाही पाहिला. आई एकोणसत्तर म्हणते तेव्हा ते एकोणऐंशी असतात."

बाई म्हणाल्या, "म्हणजे?"

"पुस्तकातलं एकोणसत्तर सत्तरच्या दाराबाहेर उभं राहतं. आईचं आत जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसतं. आईचं एकोण तसंच आहे. मला माहीत आहे ते."

बाईंच्या चेहऱ्यावर काय आलं, ते मी पाहू शकले नाही. मी टेबलाकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "मग तू आईला सांगत का नाहीस, की चुकतंय म्हणून?"

टाचणी म्हणाली, "मावशीने सांगितलंय, सांगायचं नाही. लहानपणी पाहुण्यांसमोर आई आकडे म्हणत होती तेव्हा तिचं एकोण चुकलं, आणि बाबाआजोबा इतके हसले की आई टेबलाखाली जाऊन बसली. जेवायलासुद्धा बाहेर आली नाही. मग मावशी टेबलाखाली जेवण घेऊन गेली. मावशी म्हणते, आपण सगळ्यांच्या चुका काढायच्या, आईचं एकोण सोडून. ते आपण समजून घ्यायचं."

ताई, ते टेबल मी विसरले होते. खरंच विसरले होते. पण तिने सांगितलं आणि मला तुझे पाय दिसले. आधी पाय, मग ताट, मग तू वाकून आत आलीस आणि तुझं डोकं वर आपटलं. आपण दोघी हसलो होतो. हसलो होतो ना?

तुम्ही आत आकड्यांवर हसायचात, ते माझं एकोण असायचं का? असेल तर असू दे.

रात्री मी तुझी परत आलेली पत्रं काढली. ५ एप्रिलचं पत्र परवाच आलं होतं, परीक्षेच्या गडबडीत नुसतं ठेवून दिलं होतं. नऊ चुका धरल्या आहेस. 'तिळपापड'च्या वेलांटीलासुद्धा सोडलं नाहीस. आणि त्या वाक्याला, 'एकोणपन्नास वजा नऊ, पन्नास, फटकन', लाल शाईचा ठिपका नाही. शेराही नाही. पानाच्या तळाशी फक्त एवढंच: 'मुलीने बरोबर उत्तर दिले.'

वर्षभर मला वाटलं, तू माझी पोर माझ्यापासून ओढून घेतेयस. आणि तू तिथे बसून तिला 'आई' शिकवत होतीस.

मला अजूनही हेवा वाटतो, ताई. खोटं कशाला लिहू? पण आज सकाळपासून वेगळाच वाटतोय. मला शिकवायला तू नव्हतीस. तू टेबलाखाली आलीस, पण तुझ्या वर्गात मला बसता आलं नाही. तिला आलं. नऊ वर्षांच्या पोरीवर आई जळते असं कुठे ऐकलंयस? आधी तू माझी ताई आहेस, तिची मावशी नंतर. हे तिला एकदा सांगावं लागेल.

बारकी

४ मे

ताई,

निकाल आला. मुलीची काही लबाडी नाही, असं बाईंनी स्वच्छ लिहून दिलंय. पण प्रश्नच चुकीचे वाचले गेले, म्हणून तोंडी परीक्षा धरता येत नाही. फेरपरीक्षा घेणार. तीही मराठीतच, वर्ष संपेपर्यंत भाषा बदलता येत नाही. या वेळी वाचणारं माणूस आईवडील सोडून कोणीतरी हवं, मुलीच्या खोलीत हजर हवं, आणि मराठी आकडे नीट म्हणणारं हवं. वसाहतीत असं कोणी नाही. बोगदा तर एकोणतीस म्हटलं की बोटं मोजायला लागतो. हे जमलं नाही तर पुढच्या वर्षी मी कोणाला दिवा घालवायला सांगायचं?

मी धीर करून बोगद्याला विचारलं, रद्द केलेलं तिकीट पुन्हा मिळेल का. तो बराच वेळ चहा ढवळत बसला. मग म्हणाला, "रद्द करायचं विसरलोच." हा माणूस बोगद्यातला एक खिळासुद्धा विसरत नाही.

तुझी खोली तयार करतेय. टाचणी म्हणते, मावशीची खुर्ची तिच्या शेजारी हवी. मी म्हटलं, मध्ये माझी. शेवटी गोल बसायचं ठरलं.

तू वाचशील तेव्हा मी दाराआड नाही, आत बसणार आहे. तू एकोणसत्तर म्हणशील तेव्हा ती खऱ्या एकोणसत्तरचं उत्तर देईल, आणि एकदा माझ्याकडे बघेल. बघेलच. मला माहीत आहे.

परीक्षा २९ मेला आहे. मुद्दाम अंकात लिहिलंय. अक्षरात लिहिलं असतं तर तू ३९ तारीख धरून बसली असतीस, माझ्याखातर.

हे पत्र तपासून परत पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये.

तुझी
बारकी